हातापायांचे फोमचे पट्टे: ऑपरेशन थिएटरमधल्या वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे वर्षानुवर्षं ऑपरेशनच्या वेळी पेशंटचे हात आर्मबोर्डला (टेबलाच्या बाजूची हात ठेवायची फळी) रोलर बँडेजनेच बांधायचो. स्वस्त आणि हाताशी असलेलं, पण ताण पडला की त्याची दोरी होते आणि मनगटावर वळ उठतो. उन्हाळ्यात फोमचं अस्तर असलेले वेल्क्रोचे पट्टे आले, हातांच्या रुंद जोड्या आणि मांडीवरून जाणारा लांब पट्टा. तेव्हापासून रोज तेच वापरतोय.

सगळ्यात जास्त फरक स्पायनलखालच्या (पाठीत इंजेक्शन देऊन फक्त खालचं अंग बधिर करून केलेल्या) सिझरला पडला. बाई जागी असते, हुडहुडी भरलेली असते, नाक खाजलं की हात थेट ड्रेपकडे (ऑपरेशनच्या जागेभोवतीच्या निर्जंतुक चादरीकडे) जातो. बँडेज दिसलं की "मला बांधताय कशाला?" ठरलेलं. आता "ताई, सलाईनची सुई हलू नये म्हणून हात ठेवतेय, काही वाटलं तर लगेच सांगा" एवढ्यावर भागतं. बीपी उतरून मळमळायला लागलं तर एका झटक्यात हात मोकळा करता येतो. बँडेजची गाठ सोडवत बसायचं किंवा कात्री शोधायची, ते गेलं.

पण पट्टा मऊ आहे म्हणजे नस (नर्व्ह, शीर नव्हे) सुरक्षित आहे, असं कुणी समजू नये. हात ९० अंशांपेक्षा जास्त बाहेर न्यायचा नाही, तळवा वर आणि कोपराखाली पॅड, हे आपल्यालाच बघावं लागतं. असिस्टंट रेलले की आर्मबोर्ड हळूच डोक्याकडे सरकतो. ड्रेपखाली ते कुणाला दिसत नाही. म्हणून टेबल तिरकं केलं की मी चादरीखाली हात घालून बघतेच: पट्ट्याखाली दोन बोटं जातात का, बोटं गरम आहेत का, पट्टा व्हेनफ्लॉनवर (सलाईनच्या सुईवर) तर चढला नाही ना. सलाईन अचानक मंदावलं की मी आधी तिथेच बघते.

सिझरला बऱ्याच जणी हिरव्या बांगड्या घालूनच येतात. काढायला तयार नसतील तर बांगड्या वर सरकवून सॉफ्टरोलने (कापसाच्या मऊ पट्टीने) गुंडाळायच्या आणि पट्टा त्यांच्या खालच्या बाजूला, मनगटाकडे लावायचा. काच पट्ट्याखाली दाबली गेलेली चालतच नाही.

मांडीचा पट्टा गुडघ्याच्या चार बोटं वर लावला की चांगला बसतो. लिथोटॉमीला (पाय वर करून दांड्यांवर ठेवतात त्या स्थितीत) मात्र मी हे पट्टे वापरत नाही. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला जे हाड लागतं, त्यावरून जाणारी नस दाबली गेली तर पाऊल उचलता येत नाही, आणि दांड्याला हा पट्टा आवळला की नेमका तिथेच रुततो. तिथे जाड पॅड हवं, आणि पाय वर घेताना नि खाली आणताना दोन माणसं हवीत, दोन्ही पाय एकदम.

आता तक्रार. वेल्क्रोत गॉजचे आणि कापसाचे धागे अडकतात, मग पकड ढिली पडते. जुन्या टूथब्रशने घासलं की थोडे दिवस सुधारते. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका असं पाकिटावरच छापलंय, आणि हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचसारखं जंतुनाशक) जास्त वेळ राहिलेल्या जोडीचा फोम पिवळा पडून भुगा व्हायला लागला. रक्त लागलं की लगेच धुवावं लागतं, त्यामुळे जास्तीच्या जोड्या लागतातच.

मांडीचा पट्टा लांबीला कमी आहे. स्थूल पेशंटला वेल्क्रो जेमतेम दोन बोटं चिकटतं, आणि तेवढ्या भरवशावर आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम टेबल तिरकं करू देत नाहीत. पुढच्या ऑर्डरला बकलवाला लांब पट्टा मागवलाय.