दोन परदेशी भाषांचा मेजर आणि आमचे अडीच हजार

अडीच स्टार देतेय, आणि त्यातले दोन त्या जपानी शिकवणाऱ्या मुलीचे आहेत, काउन्सेलर सरांचे नाहीत. परदेशी भाषांच्या या क्लासचं नाव लिहीत नाही, पुण्यात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि माल साधारण हाच मिळत असणार.

लेकीची बारावी झाली. अकरावी-बारावीला जर्मन होतं, ९४ मार्क पडले (पुण्यात जर्मन कशासाठी घेतात हे मी सांगायला नको). आता तिला जर्मन आणि जपानी दोन्ही घेऊन डिग्री करायचीय. बाबा म्हणाले आधी एक तरी धड बोलून दाखव, ९४ मार्कवाली मुलगी 'माझं नाव अमुक' च्या पुढे गेली नाही, मग दोघांची जुंपली आणि शेवटी पैसे भरून तिसऱ्याला विचारायचं ठरलं. पाऊण तासाचे अडीच हजार.

त्यातली पंधरा मिनिटं प्रोजेक्टर लावण्यात गेली. मग सरांनी एक तक्ता दाखवला, जर्मन अधिक जपानी म्हणजे चाकण, फ्रेंच अधिक स्पॅनिश म्हणजे टुरिझम, अगदी हॉटेलातल्या थाळ्या लावल्यासारखं. चाकणला फोक्सवॅगन आहे हे आम्हाला माहीत आहे हो, तिथनं रोज जातो आम्ही. पोरीला आठवड्याला किती तास मिळतील, तिला वाचायला आवडतं की बोलायला, भाषांतर करायचंय की तिकडे जाऊन शिकायचंय, यातलं एक अक्षर विचारलं नाही. आणि शेवटी कागद पुढे केला, त्यांचंच 'ड्युअल पॅकेज', दोन्ही भाषा एकाच महिन्यात सुरू, दीड वर्षात जर्मन बी-टू आणि जपानी एन-थ्री (त्या त्या भाषेच्या परीक्षांच्या पातळ्या)!

त्यांनी जे सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. म्हणजे २०२२ पासून यूजीसी, विद्यापीठांचे नियम ठरवणारी संस्था, एका वेळी दोन डिग्र्या करू देते हे बरोबर, पण दोन्हीकडच्या तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत ही अट आहे, ती आम्हाला घरी येऊन वाचल्यावर कळली. तसंच नव्या शैक्षणिक धोरणातलं मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य विषय आणि एक जोडीचा. कागदावर जर्मन मेजर, जपानी मायनर मस्त दिसतं, पण त्या कॉलेजात जपानी शिकवणारं कोणी असेल तर ना! आम्ही जिथे जिथे चौकशी केली तिथे जर्मन आहे तर जपानी नाही असाच प्रकार. दिल्लीच्या जेएनयूला सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, तिथे दोन्ही भाषा शिकवतात पण बीए ऑनर्सला प्रवेश एकाच भाषेला. दोन्ही भाषांना सारखं वजन देणारी एकच डिग्री आम्हाला तरी सापडली नाही. एक भाषा डिग्रीतून आणि दुसरी बाहेरून सर्टिफिकेटांची, असंच जुळवावं लागतंय. एफसी रोडवर रानडेला, म्हणजे विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात, सर्टिफिकेट, मग डिप्लोमा अशी उतरंड आहे, जर्मनसाठी बोट क्लब रोडला मॅक्समुलर भवन आहे, हे तर पुण्यात रिक्षावाल्यालाही माहीत असतं, आमच्या काउन्सेलर सरांच्या तक्त्यात मात्र दोन्ही नव्हतं.

आता चांगलं सांगते. त्यांच्याकडे शनिवारी जपानीचा डेमो होता, तिथली शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने फळ्यावर लिहिलं 'वाताशी वा पुने नी सुंदेइमास', मी पुण्यात राहते. म्हणाली बघा, 'नी' पुण्याच्या मागे चिकटला, आपल्या 'पुण्यात'मधल्या 'त'सारखा, आणि क्रियापद शेवटी, मराठीत विचार करा, इंग्रजीतून येऊ नका. मी मागे बसून ऐकत होते, मला पण कळलं! लेकीने तिथेच जर्मनचं काढलं, की तिकडे देअर, दी, दास म्हणजे आपलं तो, ती, ते, फक्त सूर्य बाई आहे आणि मुलगी, मेडशेन, नपुंसकलिंगी. ती मॅडम हसून म्हणाली, आपण नाही का 'ते कार्टं' म्हणत.

पण त्याच मॅडमने गोड बोलून पाणी पण ओतलं. वाक्यरचना सोपी जाईल पण कांजीला, म्हणजे जपानीतल्या चित्रलिपीसारख्या अक्षरांना, मराठी कामाला येणार नाही, रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २१३६ आहेत. अमेरिकेत परराष्ट्र खात्याच्या लोकांना भाषा शिकवतात तिथे जर्मनला साधारण ३६ आठवडे धरतात आणि जपानीला ८८, ते सुद्धा पूर्णवेळ शिकून. मग दोन्ही एकाच महिन्यात कसं काय सुरू करायचं? तिचं म्हणणं, जर्मन बी-वन (बी-टूच्या खालची पायरी) होऊ दे, बोलता येऊ दे, तोवर जपानीची फक्त हिरागाना-काताकाना ही सोपी मुळाक्षरं गिरव. आणि परीक्षांचा फरक सांगितला, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. जेएलपीटी, म्हणजे ती एन-थ्रीवाली जपानीची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरला होते आणि त्यात बोलायची परीक्षाच नसते, नुसते पर्याय निवडायचे, म्हणजे एन-थ्री पास होऊनही तोंड बंद राहू शकतं. गटे इन्स्टिट्यूटच्या (म्हणजे मॅक्समुलर भवनच्या) जर्मन बी-वनला वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, तिथे नाही लपता येत. ९४ मार्कवाल्या मुलीची मान खाली गेली बरं का.

हे सगळं फुकटच्या डेमोत कळलं, अडीच हजारांत नाही. पॅकेज घेतलं नाही. पैसे परत मागितले तर पुढच्या बॅचला सूट देऊ म्हणाले.

सध्या लेक बीएला जर्मन घेतेय, जपानी पुढच्या वर्षी, आणि बाबांनी अट घातलीय की जेवताना दहा मिनिटं जर्मन, त्यांना काही कळत नाही पण घड्याळ लावून बसतात.

गेलात तर काउन्सेलिंगच्या नादी लागू नका, शनिवारचा डेमो तेवढा करा. पार्किंग नाहीये, गाडी लांब लावून चालत जा. आणि एसी फार वाढवतात, ओढणी न्या.