कॅम्पिंग कार्ड: काउंटरवर पासपोर्ट न सोडता युरोपात तंबू ठोकायचा असेल तर

अख्खा सीझन, म्हणजे इस्टरच्या सुट्टीपासून ते ऑक्टोबर संपेपर्यंत, आम्ही कॅम्पिंग कार्ड इंटरनॅशनल (सगळे सीसीआय म्हणतात) वापरलं, आम्ही म्हणजे मी, नवरा, दोन मुलं, गाडी आणि तंबू. राहतो नेदरलँड्समध्ये, पासपोर्ट चौघांचेही भारतीय. आधीच सांगते, कार्ड घ्या, पैसे वाया जात नाहीत. पण जाहिरातीत ते "पासपोर्टऐवजी" असं जे लिहितात ना, त्यावरून लोकांना वाटतं की आता पासपोर्ट घरी कपाटात ठेवून निघालं तरी चालेल, तसं अजिबात नाहीये. पासपोर्ट दाखवावा लागतोच. फक्त तो कॅम्पसाइटच्या काउंटरवर तारण म्हणून ठेवून जावा लागत नाही, त्याऐवजी कार्ड ठेवता येतं, हे या कार्डाचं खरं काम, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीच ते घ्यावं.

ज्यांनी युरोपात कॅम्पिंग केलं नाहीये त्यांच्यासाठी थोडं सांगते. बऱ्याच कॅम्पसाइटवर पैसे निघताना द्यायचे असतात. येताना तुम्ही फक्त नाव नोंदवता, जागेचा नंबर घेता, गेटच्या बॅरियरचं कार्ड घेता आणि तंबू लावायला जाता. मग सकाळी कोणी गुपचूप गाशा गुंडाळून पळून जाऊ नये म्हणून रिसेप्शनवाले तारण म्हणून तुमचा एखादा ओळखपत्राचा कागद ठेवून घेतात. काउंटरमागे लांबट लाकडी खोका असतो, त्यात जागांच्या नंबरांचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात पासपोर्ट उभे खोचलेले, लाल, निळे, मरून, सगळ्या देशांचे. खोक्याला कुलूप नाही. रिसेप्शनवरची मुलगी बॅरियर उघडायला बाहेर गेली की खोका तसाच उघडा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

युरोपियन माणसाला याचं एवढं काही वाटत नाही, कारण त्याच्याकडे पासपोर्ट आणि नॅशनल आयडी असे दोन कागद असतात, एक ठेवला तरी दुसरा खिशात. आपलं तसं नाही. आपला शेंगेन व्हिसा पासपोर्टलाच चिकटवलेला असतो, तो हरवला की व्हिसाही गेला, मग पोलिसात तक्रार, मग दूतावास, आणि तिथून तातडीचं म्हणून जे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं ते फक्त भारतात परत जायला चालतं, त्यावर पुढची ट्रिप होत नाही. आमच्यासारखं रेसिडेन्स परमिट असलं तरी पासपोर्ट सोबत लागतोच. शिवाय भारताच्या पासपोर्ट कायद्याचं, 1967 च्या, 17 वं कलम सरळ सांगतं की पासपोर्ट कायम केंद्र सरकारची मालमत्ता आहे. मग ती वस्तू दोन रात्रींच्या भाड्याचं तारण म्हणून कोणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची?

आणि चोरीपेक्षाही रोजचा त्रास वेगळाच असतो. समजा तुम्ही क्रोएशियात इस्त्रियाला तंबू लावलाय आणि एक दिवस इटलीतल्या त्रिएस्तेला जाऊन यायचंय. मधे थोडंसं स्लोव्हेनिया लागतं. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एरवी आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात आला, म्हणून लोकांना वाटतं आता कोण विचारतंय, पण ऑक्टोबर 2023 मध्ये इटलीने स्लोव्हेनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, आणि जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर. गाडी थांबवतात, आत डोकावतात, आणि आमच्यासारखे चेहरे दिसले की कागद मागतातच, हे आता आम्ही गृहीतच धरलंय. त्या वेळी पासपोर्ट कॅम्पसाइटच्या खोक्यात पडलेला असेल तर पोलिसाला काय सांगणार? या एका कारणासाठी मी कोणालाही कार्ड घ्यायला सांगेन.

आता कार्ड म्हणजे नेमकं काय ते. त्याच्यामागे तीन आंतरराष्ट्रीय संघटना आहेत, कॅम्पिंगवाल्यांची एफआयसीसी, टूरिंग क्लबांची एआयटी आणि मोटर क्लबांची एफआयए (हीच ती फॉर्म्युला वनवाली). जुने कॅम्पर अजूनही याला कार्नेट म्हणतात. आपल्याला ते या संघटनांकडून थेट मिळत नाही, त्यांच्याशी जोडलेल्या देशोदेशीच्या क्लबांकडून घ्यावं लागतं, आम्ही आमच्या क्लबकडून घेतलं. त्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट नंबर, सही. मुदत एक वर्ष. रिसेप्शनवाल्यांना त्याचा भरवसा का, तर उद्या कोणी पैसे न देता गेलंच तर नाव-पत्ता-नंबर हातात आहे आणि मागे एक क्लब उभा आहे.

पासपोर्ट नंबरवरून एक गोष्ट आपल्या लोकांनी आवर्जून लक्षात ठेवा. आपला पासपोर्ट रीइश्यू झाला की नंबर बदलतो. कार्डावर जुना नंबर आणि हातात नवा पासपोर्ट असेल तर ते कार्ड बघणाऱ्याच्या मनात शंका येणारच, त्यामुळे पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर आधी तो करून घ्या आणि मग कार्ड काढा.

पासपोर्ट दाखवावाच का लागतो, याबद्दल लोक रिसेप्शनवरच्या पोरांशी वाद घालतात ते मी बघितलंय, आणि ते खरंच चुकीचं आहे. त्यांच्या हातात काही नसतं. शेंगेन कराराच्या अंमलबजावणीचं जे कन्व्हेन्शन आहे, 1990 चं, त्याच्या 45 व्या कलमातच लिहिलंय की परदेशी पाहुण्याने नोंदणीचा फॉर्म भरून सही करायची आणि वैध ओळखपत्र दाखवायचं, आणि त्यात तंबू, कॅराव्हॅन, बोट सगळं येतं. त्यावर प्रत्येक देशाचं आपलं आपलं वेगळं. इटलीत पाहुण्यांची माहिती 24 तासांत पोलिसांच्या पोर्टलवर टाकावी लागते. क्रोएशियात ई-व्हिजिटर नावाची सिस्टीम आहे, पर्यटन कराचा हिशोबही तिथूनच चालतो. स्पेनने 2 डिसेंबर 2024 पासून नियम आणखी कडक केले, कॅम्पसाइटलाही बरीच जास्त माहिती भरावी लागते. जर्मनीने 2025 च्या सुरुवातीपासून जर्मन नागरिकांचा तो फॉर्म काढून टाकला, पण परदेशी लोकांचा ठेवला, म्हणजे आपण आहोतच रांगेत. या कुठल्याच कामाला कॅम्पिंग कार्ड चालत नाही, कारण ते सरकारने दिलेलं ओळखपत्र नाही.

म्हणून मी काय करते, तर काउंटरवर गेल्या गेल्या चारही पासपोर्ट आणि कार्ड एकत्रच पुढे ठेवते आणि म्हणते की हे नोंदवून घ्या, आणि ठेवायला हे घ्या. एवढंच. आधी कार्ड काढून "पासपोर्ट देणार नाही" अशा आवेशात सुरुवात केली की समोरचा माणूस लगेच ताठ होतो. दोन्ही एकत्र दिले की तो पासपोर्टमधलं टाइप करून घेतो, परत देतो आणि कार्ड कप्प्यात खोचतो. जर्मनी, ऑस्ट्रियात तर काही बोलावंही लागलं नाही, कार्ड बघून ओळखीने मान हलवतात. फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी काहीच ठेवून घेतलं नाही, पैसेच आधी घेतले.

इटलीत जरा वेळ लागतो. गर्दीच्या वेळी पोहोचलात की ते म्हणतात कागद ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा, कारण पोर्टलवर भरायला त्यांना आत्ता फुरसत नाही. गार्डा तलावाकाठी एका ठिकाणी (नाव नको) काउंटरवरचे काका कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले आणि शेवटी मान हलवून परत दिलं, नो, पासपोर्तो. मी म्हटलं थांबते मी, तुम्ही माझ्यासमोर नोंदवा. ते म्हणाले दुपारी एक वाजता बंद होतं आमचं, आता तीननंतर. मग नवऱ्याने विचारलं, सगळ्या रात्रींचे पैसे आत्ताच भरले तर? काकांचा चेहराच बदलला. पैसे घेतले, पासपोर्टांवरचे नंबर एका कागदावर भराभर लिहून घेतले आणि चारही परत. म्हणजे जिथे कार्ड चालत नाही तिथे आगाऊ पैसे चालतात, कारण शेवटी त्यांना भीती भाड्याचीच असते. तिथून पुढे अडलं की आम्ही लगेच हेच विचारायला लागलो.

फोटोकॉपीचंही बोलते, कारण पासपोर्ट ठेवला नाही तर "मग झेरॉक्स काढतो" असं हमखास येतं. नोंदणीसाठी माहिती लागते, रंगीत स्कॅन कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून राहायची गरज नसते. स्पेनच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने तर 2025 मध्ये स्पष्टच सांगितलं की राहण्याची सोय देणाऱ्यांनी ओळखपत्राची कॉपी मागू नये. इथे डच सरकारचं कॉपीआयडी नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात फोटो काढून नको ते आकडे झाकता येतात आणि कॉपी कशासाठी दिली ते आडवं लिहिता येतं. रेसिडेन्स परमिटच्या मागच्या बाजूला आपला बीएसएन नंबर (इथला प्रत्येकाचा सरकारी ओळख क्रमांक) असतो, तो तर झाकाच झाका. मी अशी कॉपी फोनमध्ये तयार ठेवते, खूपच हट्ट झाला तर तीच देते.

कार्डासोबत थर्ड पार्टी इन्शुरन्स येतो, आणि तो कार्डधारकासोबत आणखी दहा जणांना लागू असतो, त्यामुळे एका कुटुंबाला एकच कार्ड पुरतं. आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर हा कामाला येतो. मुलांचा बॉल शेजारच्या कॅराव्हॅनच्या खिडकीवर गेला (त्या खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात, तडा गेला की अख्खी बदलावी लागते), किंवा आपल्या तंबूच्या दोरीत अडकून कोणी पडलं, असलं काही. आपला स्वतःचा तंबू वाऱ्याने फाटला, सायकल चोरीला गेली, तर यातून काही मिळत नाही. गाडीने काही ठोकलं तर तेही नाही, ते गाडीच्या इन्शुरन्सचं काम. आम्हाला क्लेम करायची वेळ आली नाही, त्यामुळे पैसे किती पटकन मिळतात ते मी सांगू शकत नाही. नेदरलँड्समध्ये बऱ्याच घरांत वैयक्तिक लायबिलिटी इन्शुरन्स आधीच असतो, आमच्याकडेही आहे, म्हणून निव्वळ इन्शुरन्ससाठी मी हे घेतलं नसतं.

डिस्काउंट मिळतो काही साइटवर, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्यावर विसंबू नका. आणि इथे एक घोळ फार जण करतात. एसीएसआय या डच कंपनीची दोन वेगवेगळी कार्डं आहेत. कॅम्पिंगकार्ड एसीएसआय हे फक्त सवलतीचं, ऑफ सीझनला ठरलेल्या दरात जागा देणारं, त्याचा ओळखीशी काही संबंध नाही. एसीएसआय क्लब आयडी हे सीसीआयसारखं, काउंटरवर ठेवता येणारं. नावं इतकी सारखी आहेत की एका ओळखीच्यांनी सवलतीचं कार्ड पुढे केलं आणि रिसेप्शनवर ते ठेवून घ्यायला नकार दिला. ऑफ सीझनला जास्त फिरत असाल तर दोन्ही घ्या, मे आणि सप्टेंबरमध्ये सवलतीच्या कार्डाने चांगलेच पैसे वाचतात.

आणखी एक, फोनमधलं डिजिटल कार्ड मिळत असलं तरी प्लास्टिकचंच मागून घ्या. कप्प्यात खोचायला काहीतरी वस्तू लागते, फोन थोडाच ठेवून येणार. आणि निघताना ते परत घ्यायचं असतं, तेव्हा पहाटे निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच हिशोब करून कार्ड ताब्यात घ्या, बॅरियर सकाळी सातला उघडला तरी रिसेप्शन आठ-नऊशिवाय उघडत नाही.

हॉटेलात, विमानतळावर, सीमेवर, पोलिसांसमोर ओळखपत्र म्हणून या कार्डाला काही किंमत नाही. आम्ही पुढच्या वर्षासाठी रिन्यू केलंय. जे भारतातून टूरिस्ट व्हिसावर दोन-तीन आठवड्यांसाठी येऊन कॅम्पिंग करणार आहेत त्यांनी मात्र कार्डासाठी इथल्या एखाद्या क्लबचं मेंबर होण्याच्या खटपटीत पडू नये असं मला वाटतं, बुकिंग करतानाच ईमेलवर विचारून घ्या की येताना पूर्ण पैसे भरले तर पासपोर्ट ठेवून घेणार नाही ना, आणि आलेलं उत्तर फोनमध्ये सेव्ह करून काउंटरवर दाखवा.