युद्धबंदीचे मसुदे वाचायला शिकवणारा वर्ग: सहा शनिवारांचा अनुभव

वृत्तपत्राच्या डेस्कवर परदेश पान लावताना गेली कित्येक वर्षे मी ‘आवाहन’ हा शब्द इतक्यांदा वापरला आहे, की शांततेविषयीची कोणतीही बातमी आली की मथळा आपोआप हाताखालून उतरतो. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचे आवाहन, पोपचे आवाहन, भारताचे आवाहन. या सवयीची थोडी लाज वाटू लागली, तेव्हा पुण्यात डेक्कनजवळच्या एका खासगी संस्थेने जाहीर केलेल्या शस्त्रसंधी आणि शांतता करारांवरील सशुल्क अभ्यासवर्गात मी नाव नोंदवले. सहा शनिवार, सायंकाळी साडेपाच ते आठ, मध्ये चहा, शुल्क साडेतीन हजार रुपये. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि शिकवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांविषयी मला आदर आहे.

वर्गाचे बलस्थान एकच, पण ते पैसे वसूल करणारे आहे: येथे भाषणे होत नाहीत, मूळ मसुदे ओळीओळीने वाचले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावातील प्रत्येक परिच्छेद ठरावीक धाटणीच्या शब्दाने सुरू होतो आणि त्या क्रियापदांची एक उतरंड असते. परिषद कधी ‘चिंता व्यक्त करते’, कधी ‘आवाहन करते’, कधी ‘आग्रह धरते’, कधी ‘मागणी करते’ आणि क्वचित ‘निर्णय घेते’. यातला कोणता शब्द घ्यायचा यावरून राजदूत रात्री जागवतात आणि आम्ही मंडळी मध्यरात्रीच्या आत पान सोडण्याच्या घाईत त्या सगळ्यांचे एकच ‘आवाहन’ करून टाकतो. इराण-इराक युद्धाविषयीचा ५९८ क्रमांकाचा ठराव २० जुलै १९८७ रोजी संमत झाला. त्यात तत्काळ युद्धबंदीची मागणी होती आणि तीही शांततेला धोका असल्यास परिषदेला पावले उचलू देणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ३९ व ४० या कलमांचा उल्लेख करून. तरीही प्रत्यक्ष तोफा थांबल्या त्या २० ऑगस्ट १९८८ रोजी. मागणी आणि अंमल यांच्यातील तेरा महिन्यांत काय घडले, यावर एक अख्खा शनिवार खर्ची पडला आणि तो मला कमीच वाटला.

गाझासंबंधीचा २५ मार्च २०२४ चा २७२८ क्रमांकाचा ठरावही असाच उलगडून दाखवला. चौदा मते बाजूने, अमेरिका तटस्थ. मसुद्यातील ‘कायमस्वरूपी’ युद्धबंदी हा शब्द मतदानापूर्वी बदलून त्या जागी ‘टिकाऊ’ या अर्थाचा शब्द आला आणि जुना शब्द परत आणण्याची रशियाची सूचना फेटाळली गेली. रमजानच्या काळापुरती युद्धबंदी मागणाऱ्या या ठरावाच्या वेळी रमजान संपायला जेमतेम दोन आठवडे उरले होते आणि मतदानानंतर लगेच अमेरिकेने ठराव बंधनकारक नसल्याची भूमिका घेतली. सनदेच्या २५ व्या कलमानुसार परिषदेचे निर्णय सदस्य देशांना मान्य करावे लागतात. मग ‘मागणी’ हा निर्णय मानायचा का, या प्रश्नावर सरांनी स्वतःचे मत दिले नाही, दोन्ही बाजू फळ्यावर मांडून ठेवल्या. मला हा संयम आवडला, काहींना तो पळपुटेपणा वाटला.

सर्वांत रंगलेला तास मात्र १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतरच्या २४२ क्रमांकाच्या ठरावाचा. इस्रायलने व्याप्त प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे, असे सांगणाऱ्या इंग्रजी वाक्यात ‘प्रदेशां’आधी ‘द’ हे उपपद नाही, तर फ्रेंच पाठात उपपद असल्यासारखी रचना आहे. त्यामुळे सर्व प्रदेश की काही प्रदेश, हा वाद आजही चालू आहे. माझ्या शेजारी न्यायालयात भाषांतरकार म्हणून नोकरी केलेल्या एक बाई बसत. त्यांनी वहीवर ‘व्याप्त प्रदेशांतून’ असे लिहिले, दोनदा अधोरेखित केले आणि म्हणाल्या, “सर, आपल्याकडे उपपदच नाही. म्हणजे मराठीत हा वाद उद्भवतच नाही, किंवा प्रत्येक वाक्यात उद्भवलेलाच असतो.” सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मॅडम, मग तुम्ही मराठीत काय लिहाल?” पुढची वीस मिनिटे चाळीस माणसे एका वाक्याचे भाषांतर करत होती. चहा गार झाला.

आता तक्रारी. वर्ग मराठीत असल्याचे जाहिरातीत म्हटले होते. बोलणे मराठीत झाले, पण पडद्यावरचा मजकूर सगळा इंग्रजी होता. पाचव्या शनिवारी पंधरा खुर्च्या मांडून सुरक्षा परिषदेचे जे नाटक केले, ते शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पातळीवर राहिले: ठरावाला लागणारी नऊ मते जमवण्याची धडपड सुरू होते न होते तोच नकाराधिकार असलेल्या एका उत्साही तरुणाने लाल कार्ड वर केले आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आमसभेला पंधरा मिनिटे मिळाली. रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावे, या मागणीला २ मार्च २०२२ रोजी १४१ मते पडली आणि भारत तटस्थ राहिला, एवढे सांगून विषय संपला. करारानंतरची देखरेख, निरीक्षक, सीमारेषा यांचेही असेच झाले. भारत-पाकिस्तानमधील १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा एका बिंदूपर्यंत आखून पुढे ‘तेथून उत्तरेस हिमनद्यांकडे’ एवढेच लिहिले होते आणि त्या मोघम शब्दांचे ओझे १९८४ पासून सियाचीनवर सैनिक वाहत आहेत. शब्दांवर उभ्या असलेल्या वर्गात हे उदाहरण दोन वाक्यांत आटोपावे, याचे नवल वाटले.

आणि पुण्यात बसून तहांविषयी बोलायचे, तर सालबाईचा उल्लेखही नसावा? मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील १७ मे १७८२ च्या त्या तहात महादजी शिंदे स्वतः मराठ्यांचे सरदार असूनही दोन्ही पक्षांमधले मध्यस्थ आणि हमीदार झाले, आणि नाना फडणवीसांची मंजुरी मिळायला पुढे काही महिने गेले. मध्यस्थ तटस्थच असावा लागतो का, हा प्रश्न सरांनी मध्यस्थी करणाऱ्या नॉर्वे आणि कतारच्या निमित्ताने चर्चेला घेतला होता, पण सालबाईचे उदाहरण आले नाही. पुढे १७८६ मध्ये कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला तिचा वकील, ज्या मुळा-मुठेच्या संगमावर येऊन राहिला, तो या सभागृहापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

वर्ग संपल्यानंतरच्याच आठवड्यात रात्री वृत्तसंस्थेची बातमी आली, मी मथळ्यात ‘मागणी’ लिहिले आणि वरिष्ठांनी ते खोडून पुन्हा ‘आवाहन’ केले. मागणी म्हटले की कामगार संघटनेचा मोर्चा वाटतो, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या आवृत्तीत मी शब्द परत बदलून घेतला.

पत्रकार, भाषांतरकार आणि कायद्याचे विद्यार्थी यांनी हा वर्ग जरूर करावा. युद्धे कशी थांबतील याचे उत्तर शोधणाऱ्यांची निराशा होईल. मसुद्यांच्या छायाप्रती पहिल्याच दिवशी मागून घ्याव्यात, कारण तिसऱ्या शनिवारनंतर त्या संपतात. वाहनतळ नाही.