कॅसिओ ९९१ईएस प्लस: रिव्ह्यू फक्त फॅक्ट बटणाचा

साइन-कॉस, मॅट्रिक्स, इंटिग्रेशन यावर मी नव्याने काय लिहिणार, अर्ध्या इंजिनिअरिंगवाल्यांकडे हाच कॅल्क्युलेटर असतो, सोलर आहे बॅटरी पण आहे, विषय संपला. पण डिग्री-मिनिट-सेकंदवाल्या बटणाच्या डोक्यावर फॅक्ट (म्हणजे फॅक्टर, अवयव पाडणं) लिहिलेलं असतं, तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आकडा टाका, बरोबरचं चिन्ह दाबा, मग शिफ्ट आणि ते बटण, की मूळ अवयव समोर हजर. दहा अंकांपर्यंतच्या संख्या घेतो.

९८७६५४३२१ टाकून बघा, ३² × १७² × ३७९७२१ येतं. एवढ्या सरळ दिसणाऱ्या आकड्यात १७ चा वर्ग बसलाय, कोणाला वाटेल!

आता खरी गंमत, १२३४५६७८९० टाका. उत्तर येतं २ × ३² × ५ × (१३७१७४२१). तो कंस बघून लोक धरून चालतात की आत मूळ संख्याच असणार. अजिबात नाही. मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलंय की मशीन फक्त तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच भाग देऊन बघतं, पुढे मोठं काही उरलं की कंसात टाकून हात वर करतं. मग काम आपलं. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ च्या थोडं वर येतं, म्हणून ३७०४ चा वर्ग करून त्यातून ही संख्या वजा करा, २१९५ उरतात, पूर्ण वर्ग नाही. ३७०५ ने करा, ९६०४ उरतात आणि तो ९८ चा वर्ग आहे! मग अ² − ब² = (अ − ब)(अ + ब), म्हणजे ३७०५ वजा ९८ आणि ३७०५ अधिक ९८, ३६०७ × ३८०३, फुटली संख्या. ही युक्ती फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची, सतराव्या शतकातली.

याच फर्माला वाटायचं की २³² + १ म्हणजे ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे, ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये ६४१ ने भाग जातो हे दाखवून तो विषय संपवला. संख्या दहा अंकी आणि ६४१ तीन अंकी, त्यामुळे हे मशीनला पण जमतं, ६४१ × (६७००४१७). पण इथे कंसातली संख्या खरंच मूळ आहे! दोन्ही कंस दिसायला सारखेच, एक फुटतो एक नाही, आणि मशीन काही बोलत नाही. एक स्टार तिथे कापला.

२⁶⁷ − १ वगैरे ट्राय करू नका, ती २१ अंकी आहे, स्क्रीनवर दहाच्या घातात येते आणि फॅक्ट चालतच नाही. तिचे अवयव १९०३ मध्ये कोल नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने कागदावर काढले होते, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७, हौस असेल तर हाताने गुणून बघा.

घेताना मॉडेल नीट बघा, जुन्या ९९१एमएस मध्ये फॅक्ट नाहीये. ४/५.