बुरशी खाणारे बॅक्टेरिया शोधायचेत: प्लेट की वाळू?

बुरशीवर जगणारे बॅक्टेरिया शोधायला घेतले की पहिला घोळ इथंच होतो, दोघांना प्लेटवर (अगर नावाच्या जेलीनं भरलेली चपटी बशी) आमनेसामने लावायचं की वाळूत सोडायचं. मी दोन्ही केलंय, दोन्हीकडे वैतागलोय.

प्लेटचं सुख आहे हे मान्यच. एका बाजूला बॅक्टेरियाची रेघ, समोर बुरशीचा तुकडा, चार-पाच दिवसांत मध्ये मोकळा पट्टा, फोटो झकास येतो आणि ढीगभर स्ट्रेन (बॅक्टेरियाचे वेगवेगळे वाण) पटापट चाळून होतात. पण तो पट्टा म्हणजे अडवल्याची खूण, खाल्ल्याची नाही. बॅक्टेरिया अँटिबायोटिक सोडून बुरशी रोखतो आणि स्वतः पीडीए ह्या नेहमीच्या अगरमधल्या बटाटा-ग्लुकोजवर मजेत पोट भरतो. माझा सगळ्यात रुंद पट्टा देणारा स्ट्रेन, ज्याचा फोटो मी सगळ्यांना दाखवत फिरलो, वाळूत बुरशीसोबत सोडला तर दोन आठवड्यांनी बॅक्टेरियाचा आकडा जिथल्या तिथं!

मग वॉटर अगर घेतलं, म्हणजे नुसतं पाणी आणि अगर, वरून खाद्य नाही. तर बुरशी नसलेल्या कंट्रोलवरही (तुलनेच्या प्लेटवर) बॅक्टेरियाची पुसटशी रेघ उमटली, कारण अगरमध्येही थोडंफार खाद्य असतंच. आता दोन प्लेटा उजेडासमोर धरायच्या आणि कुठली रेघ जास्त दाट ते ठरवायचं, सकाळी एक वाटते, संध्याकाळी दुसरी. खरं सांगायचं तर मला प्लेटवरून उठवलं ते ह्याच प्रकारानं. कायटिनची प्लेट हा काही उपाय नाही, कायटिन बुरशीच्या भिंतीत असतं तसं किड्यांच्या कवचातही असतं, त्यामुळे रेघेभोवती वलय दिसलं तर ते फोडणारं एन्झाइम आहे एवढंच कळतं, आणि प्लेटसाठी आम्लात विरघळवून केलेलं ते कोलॉइडल कायटिन आम्ल जाईपर्यंत धूत बसायचं ते वेगळंच.

वाळूचं तसं नाही. आम्लानं धुतलेली, भट्टीत तापवलेली वाळू, खायला जवळपास काहीच नाही, त्यात बॅक्टेरिया मिसळायचे आणि मध्ये बुरशीचा तुकडा ठेवायचा. तंतू असे शिरतात की चिमट्यानं उचललं तर कण धरून अख्खा गठ्ठाच वर येतो. मग डायल्युशन करून (पाण्यात पातळ करत जाऊन) प्लेटवर पसरायचं आणि बॅक्टेरियाच्या कॉलनी मोजायच्या, बुरशीसह आणि बुरशीशिवाय. 2004 साली नाव मिळालेला कोलिमोनास हा बुरशी खाणारा बॅक्टेरिया, नेदरलँड्समधल्या वाळूच्या टेकड्यांतला, त्याच्या मागचं कामही असंच, वाळूत शिरणाऱ्या तंतूंवर बॅक्टेरिया वाढतात का हे मोजण्याचं.

त्रास इथंही आहे. मोजायच्या प्लेटवर बुरशी पसरून कॉलन्या गिळते, म्हणून बुरशी रोखणारं सायक्लोहेक्झिमाइड घालावं लागतं, ते विषारी, ग्लोव्हज घालाच. आणि कंट्रोलमध्येही बुरशीशिवाय तसाच अगरचा तुकडा ठेवा, मी पहिल्यांदा विसरलो आणि अख्खी बॅच वाया गेली. शिवाय बॅक्टेरिया तंतू फोडून खातोय की नुसता त्यातून झिरपलेल्यावर जगतोय हे वाळू सांगत नाही, ते मायक्रोस्कोपखालीच बघावं लागतं.

(कार्बन-13 वाली पद्धत, म्हणजे बुरशीत जड कार्बनची खूण घालून ती कोणात उतरते ते बघायचं, मी धरत नाहीये. मातीत कोण खातंय ह्यासाठी ती भारी, पण खाणाऱ्याला खाणारेही लेबल होतात.)

शंभर स्ट्रेन असतील तर प्लेटशिवाय पर्याय नाही हे मला कळतं, फक्त न मारता गुपचूप खाणारे त्यात सुटतात. मी हल्ली एका वेळी आठच स्ट्रेन घेतो, पण सरळ वाळू भरतो. प्लेट लावतो ती फोटोपुरती.