सहा वर्षांच्या मुलीसाठी व्हायोलिनच्या शिक्षिका: आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

माझ्या मुलीने सहाव्या वर्षी व्हायोलिन शिकण्याचा हट्ट धरला. हा हट्ट आठवड्याभरात विरेल असे आम्हांला वाटत होते, पण तो दोन महिने आम्हांला पुरून उरला, तेव्हा कुठे आम्ही शिक्षक शोधायला लागलो. घरात कोणालाही कोणतेच वाद्य येत नसल्यामुळे निवडीचे निकष आम्ही ऐकीव गोष्टींवरून ठरवले होते: शिक्षक स्वतः किती चांगले वाजवतात, त्यांचे किती विद्यार्थी परीक्षांमध्ये चमकतात आणि वार्षिक कार्यक्रम किती दिमाखदार होतो. दोन ठिकाणांहून परत फिरल्यावर आणि तिसऱ्या ठिकाणी आठ महिने काढल्यावर माझे मत असे झाले आहे की इतक्या लहान मुलाच्या बाबतीत हे तिन्ही निकष दुय्यम आहेत. शिक्षिका आठवड्यातून एकदा, तीस मिनिटे भेटते. तिचे शिकवणे कसे आहे हे मात्र उरलेल्या सहा दिवसांत घरी काय घडते त्यावरूनच कळते. हा अभिप्राय त्या तिसऱ्या शिक्षिकेविषयी आहे. त्या घरी खासगी शिकवण्या घेतात, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही.

आधीच्या दोन अनुभवांविषयी थोडक्यात सांगतो. पहिले शिक्षक उत्तम वादक होते. त्यांनी सुरुवातीला एक द्रुत रचना वाजवून दाखवली आणि मुलगी अक्षरशः तोंड उघडे टाकून पाहत राहिली. पण वाद्य तिच्या हाती दिल्यावर मनगट, कोपर, हनुवटी, गज आणि पाय अशा पाच गोष्टी त्यांनी एका दमात दुरुस्त केल्या, आणि बाराव्या मिनिटाला तिचे डोळे भरून आले. निघताना आम्हांला सूचना एवढीच मिळाली, की रोज एक तास सराव करून घ्या. कशाचा, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. दुसरी एक संस्था होती, आणि तिथे आम्हांला विचारलेला पहिलाच प्रश्न, पहिली श्रेणी कोणत्या सत्रात द्यायची, हा होता. श्रेणी परीक्षांना माझा विरोध नाही. १८८९ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या एबीआरएसएमसारख्या संगीत परीक्षा मंडळांच्या आठ श्रेणी जगभर घेतल्या जातात आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्यांतून समोर एक टप्पा दिसतो. परंतु जिला अजून जोडाक्षरे अडतात, तिच्यासमोर पहिल्याच दिवशी स्टाफ नोटेशनच्या (पाश्चात्त्य स्वरलिपीच्या) पाच रेषा मांडून परीक्षेचा महिना ठरवणे मला घाईचे वाटले.

तिसऱ्या शिक्षिकेकडील पहिल्या तासाला आमची मुलगी व्हायोलिन वाजवेल असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात आम्ही नेलेले वाद्य त्यांनी पेटीतून काढले, तिचा डावा हात सरळ करायला लावला, वाद्य हनुवटीखाली धरले आणि वरच्या टोकाचे वळसेदार डोके तिच्या तळहाताच्या कितीतरी पुढे जाते हे आम्हांला दाखवले. मूल वाढत असते, म्हणून मी अर्ध्या मापाचे व्हायोलिन आधीच घेऊन ठेवले होते. तिला पाव मापाचे हवे होते. ही मापे नावाने फसवतात. पाव मापाच्या व्हायोलिनचे अंग सुमारे २८ सेंटीमीटर लांब असते आणि पूर्ण मापाचे सुमारे ३५.५, त्यामुळे दुकानात दोन मापांतला फरक नजरेला किरकोळच वाटतो. पण मोठे वाद्य धरणाऱ्या मुलाचे कोपर ताणले जाते, खांदा वर चढतो आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षे काढावी लागते. त्यानंतर त्यांनी एका पुठ्ठ्यावर तिची पावले पेन्सिलीने गिरवून घेतली, एक जोडी आरामात उभे राहण्याची आणि दुसरी वाजवायला उभे राहण्याची. पहिला आठवडा त्या पुठ्ठ्यावर आणि रिकाम्या खोक्याला पट्टी चिकटवून केलेल्या लुटुपुटूच्या व्हायोलिनवर गेला. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “खरे वाद्य पुढच्या आठवड्यापासून. पण आधी तुम्ही वाजवायचे, ती बघेल.”

ही कल्पना त्यांची स्वतःची नाही, हे त्यांनीच सांगितले. ती जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांची. १८९८ मध्ये नागोया येथे जन्मलेल्या सुझुकींचे वडील व्हायोलिनचे कारखानदार होते, आणि सुझुकी स्वतः तरुणपणी जर्मनीत जाऊन वादन शिकले. प्रत्येक जपानी मूल जपानी भाषा न अडखळता बोलते, मग संगीत तसेच का शिकवू नये, हा साधा प्रश्न त्यांच्या पद्धतीच्या मुळाशी आहे. मूल आधी महिनोन्‌महिने ऐकते, मग बोलते आणि वाचन कितीतरी नंतर येते. सुझुकींनी व्हायोलिनच्या बाबतीत हाच क्रम धरला आणि मुलाच्या शेजारी पालकाला बसवले. आमच्या शिक्षिका कट्टर सुझुकीपंथी नाहीत. सुरांसाठी हाताच्या खुणा त्या हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांच्या पद्धतीतून घेतात (त्या खुणा मुळात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या जॉन कर्वेन यांच्या), आणि लय शिकवताना मुलांना खोलीभर चालायला लावतात, तेव्हा त्यात शरीराच्या हालचालींतून लय शिकवणारा स्विस संगीतशिक्षक डाल्क्रोझ डोकावतो. एवढे सगळे एकत्र केल्यावर खिचडी होण्याची भीती मला वाटली होती. तसे झाले नाही, कारण कोणत्या आठवड्यात काय वगळायचे याचा निर्णय त्या फार विचारपूर्वक घेतात.

याचे उदाहरण म्हणून तिसऱ्या महिन्यातला एक तास सांगतो. गज धरताना मुलीचा अंगठा काठीसारखा ताठ होत होता, डावीकडे सूर थोडा खाली होता आणि गज तारेवरून घसरून घोडीकडे (तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात तिकडे) चालला होता. तिन्ही चुका मलासुद्धा दिसत होत्या. शिक्षिकांनी गज काढून घेऊन तिच्या हातात पेन्सिल दिली, अंगठ्याच्या पेरावर बोटाने हलकेच टकटक केली आणि विचारले, “दार उघडे आहे की बंद?” पेर बाहेरच्या बाजूला वाकले की दार उघडे, ताठ झाले की बंद. पाच-सहा वेळा दार उघडझाप झाल्यावर गज परत हातात आला. त्यानंतर त्यांनी एका छोट्या कार्डावर आठवड्याचा सराव लिहून दिला: ए या सुराच्या मोकळ्या तारेवर (बोट न ठेवता) चार लांब गज, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक गजाआधी दार पाहायचे, रोज ध्वनिमुद्रण ऐकायचे, बाकी काही दुरुस्त करायचे नाही. हे शेवटचे वाक्य त्यांनी अधोरेखित केले होते, आणि ते माझ्यासाठी होते. दोन दिवसांनी घरी मी न राहवून सुराबद्दल काहीतरी बोललो, तेव्हा मुलीने गज न थांबवता सांगितले, “बाबा, हा आठवडा अंगठ्याचा आहे.”

हा सगळा सराव आठ ते दहा मिनिटांचा होता. रोज एक तासाच्या आज्ञेने जे झाले नसते ते या आठ मिनिटांनी झाले, कारण त्या मिनिटांत काय करायचे हे आम्हां दोघांनाही नेमके ठाऊक होते.

कानाच्या बाबतीत त्या कडक आहेत, आणि मला ते पटते. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे बोट कुठे ठेवायचे हे दाखवण्यासाठी बरेच शिक्षक फिंगरबोर्डवर रंगीत पट्ट्या चिकटवतात. यांनीही दोनच लावल्या आणि पाचव्या महिन्यात त्यातली एक काढून टाकली. डोळे पट्टीवर खिळले की कान झोपतो, असे त्या म्हणतात. म्हणून बोट ठेवण्याआधी तो सूर गाऊन दाखवावाच लागतो. वाद्य बेसूर असताना मुलीला वाजवू द्यायचे नाही, हा दुसरा नियम, आणि त्यापायी ए ची तार ४४० हर्ट्झवर आणून बाकीच्या तीन तारा तिच्यावरून जुळवायला त्यांनी मला शिकवले. छोट्या व्हायोलिनच्या खुंट्या सारख्या सरकतात. खालच्या बाजूला चारही तारांना बारीक स्क्रू असलेले वाद्य घ्या, हा त्यांचा सल्ला मी आधी ऐकला असता तर दोन तारा तुटण्यापासून वाचल्या असत्या.

आता उणिवा. प्रगती बाहेरून पाहणाऱ्याला फार संथ वाटते: आठ महिन्यांत तीन लहान धुना. याच काळात कीबोर्ड शिकायला लागलेली तिच्या वयाची मुले दोन्ही हातांनी वाजवताना दिसतात, आणि कीबोर्डवर पट्टी दाबली की सूर आपोआप खरा लागतो, हे समजावत बसण्याचा कंटाळा येतो. महिन्यातून एकदा होणारा सामूहिक तास मला निरुपयोगी वाटला. वेगवेगळ्या तयारीची दहा मुले एकत्र येतात, निम्मा वेळ वाद्ये जुळवण्यात जातो आणि नवशिकी मुले नुसती उभी राहतात. वेळ बदलल्याचा निरोप तीनदा आदल्या रात्री उशिरा आला. सर्वांत गंभीर तक्रार नोटेशनची आहे. ऐकून वाजवण्यात मुले फार पुढे गेली की पुढे वाचनाचा कंटाळा करतात, हा या पद्धतीवरचा जुना आक्षेप आहे. मी विचारले तेव्हा वाचन पुढच्या वर्षी सुरू करू, एवढेच उत्तर मिळाले. ते मला पुरेसे वाटले नाही, आणि या वर्षाअखेर तो विषय मी पुन्हा काढणार आहे.

ज्या पालकांना मुलाला दारात सोडून अर्ध्या तासाने घ्यायला यायचे आहे, त्यांनी इथे जाऊ नये. पालक खोलीत नसेल तर त्या शिकवायला सुरुवातच करत नाहीत. ज्यांना बसणे जमेल त्यांनी कोणाकडेही ट्रायलच्या तासाला गेल्यावर मूल काय वाजवते याकडे थोडे कमी लक्ष द्यावे आणि निघताना, उद्या सकाळी घरी नेमके काय करायचे, असे शिक्षकांना विचारावे. पहिल्या दोन ठिकाणी मी हे विचारले असते, तर कदाचित निर्णय लवकर झाला असता.

पुढच्या सहा महिन्यांची फी आम्ही भरली आहे, सामूहिक तास वगळून. अर्ध्या मापाचे व्हायोलिन कपाटात आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा माप घेतले आणि निदान आणखी एक वर्ष ते बाहेर काढू नका, असे सांगितले.