तीन मासिकं, आठ महिने: वर्गणी भरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तीन मराठी मासिकं सुरू केली. अण्णांसाठी (माझे सासरे, वय 79) एक वैचारिक, माझ्यासाठी एक महिलांचं आणि नऊ वर्षांच्या लेकीसाठी ‘किशोर’. मी रावपुऱ्यातल्या एका प्रेसमध्ये मराठी-गुजराती डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावते, त्यामुळे मजकुराआधी माझी नजर पानाच्या मांडणीवर जाते. आणि मासिक कोणासाठी काढलंय हे मांडणी लगेच सांगून टाकते.

घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं मासिक ही मराठीत जुनीच रीत. ‘किर्लोस्कर’ 1920 मध्ये निघालं, मग 1930 मध्ये बायकांसाठी ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’.

माझ्या मासिकाच्या आठही कव्हरांवर जवळजवळ एकच चेहरा: पंचविशीतली, गोरी, मोकळ्या केसांची मुलगी, थेट आपल्याकडे बघणारी. डोकं मासिकाच्या नावावर आलेलं, म्हणजे ती कागदातून पुढे आल्यासारखी वाटते. ‘तुला माझ्यासारखं व्हायचंय ना?’ असंच ती विचारते. आठ अंकांत चष्मा लावलेली एकही बाई नाही. मी 41 वर्षांची, चष्मेवाली. वर्गणी मात्र माझीच. पाककृती चांगल्या असतात, साहित्याची चौकट वेगळी, एका नजरेत सगळं दिसतं. पण ती चौकट गुलाबी आणि तिच्यात पांढरी बारीक अक्षरं. त्यात गुळगुळीत आर्ट पेपर. ओट्यावर अंक उघडला की ट्यूबलाइट पानावर चमकते आणि ‘पाव चमचा’ की ‘पाऊण चमचा’ तेच कळत नाही. ज्याने हे पान लावलं त्याच्या डोळ्यांसमोर सोफ्यावर बसून चाळणारी बाई होती, कणकेचे हात असलेली नव्हती.

अण्णांच्या मासिकाने मला खरं वाईट वाटलं. लेख उत्तम, अण्णा ते सोडायला तयार नाहीत. पण टाइप जेमतेम 9 पॉइंट, दोन अरुंद कॉलम आणि ओळी एकमेकींना खेटून. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. गुजरातीलाही मात्रा आहेत, पण शिरोरेषा नाही, म्हणून पान हलकं दिसतं. मराठी लावताना मी ओळींमधलं अंतर हमखास वाढवते. शिवाय डिंकाचं बाइंडिंग, अंक उघडा राहत नाही. एका हाताने पान दाबायचं, दुसऱ्या हातात भिंग. पत्रव्यवहाराच्या पानावर बहुतेक पत्रं निवृत्त माणसांची, म्हणजे वाचक कोण आहेत हे संपादकांना पक्कं ठाऊक आहे. तरी पान तरुण डोळ्यांचं. मी दोनदा सविस्तर पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

‘किशोर’ बालभारतीचं, 1971 पासून निघतं, जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. लेक शाळेत गुजराती शिकते, त्यामुळे शिरोरेषेखाली लटकलेली अक्षरं तिला अजून अडखळवतात. इथे अक्षर मोठं, चित्रं भरपूर, त्यामुळे ती घाबरत नाही. परवा ‘ज्ञ’पाशी बोट थांबलं, तिने चित्राकडे पाहिलं, गोष्टीत काय चाललंय ते ओळखलं आणि शब्द बरोबर वाचला. मी मध्ये बोलले नाही. मुलाला वाचता येतंच असं गृहीत न धरता लावलेलं पान काय करू शकतं, ते मी त्या क्षणी पाहिलं.

पुढच्या वर्षी ‘किशोर’ नक्की. माझं बंद करतेय, पाककृती वहीत उतरवून घेतल्यात. अण्णांचं चालू ठेवलंय, पण आता अंक आला की मी तो प्रेसमध्ये नेते आणि लेख मोठे करून ए3 वर झेरॉक्स काढून आणते. पहिल्यांदा आणले त्या दिवशी अण्णांनी भिंग चष्म्याच्या डबीशेजारी ठेवलं आणि जेवणानंतर झोपाळ्यावर बसले ते चहाला हाक मारली तरी उठले नाहीत.